रिकाम्या घरात कोण राहतो

सोलापूर, मंगळवार, १२ डिसेंबर १९७८

मास्तर,

उशीर झाला. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं होऊन गेली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, मनातल्या मनातसुद्धा नाही. त्याबद्दल माफी मागतो, पण ती रीत म्हणून. तुमची आठवण येत नव्हती असं नाही. येत होती, दातात अडकलेल्या सुपारीसारखी, आणि असल्या आठवणीला कुणी पत्र लिहीत नाही. शिवाय लिहून टाकायचं कुठं? तुमचा शेवटचा पत्ता म्हणजे आपलं गाव, आणि ते उजनीच्या पाण्यात गेलं. माणसं माळावरच्या नव्या गावठाणात राहायला गेली, शाळेचे पत्रे कुणीतरी काढून नेले, आणि ज्या जमिनीवर तुम्ही दर सोमवारी चुन्याने घरं आखायचात ती आता मासे सारवत असतील. गाव गेल्याचं मला वाईट वाटलं. शाळा गेल्याचं वाटलं नाही. हे लिहून मी थोडा वेळ थांबलो, खरंच वाटलं नाही का ते तपासायला. नाही वाटलं.

मी आता त्रेचाळीस वर्षांचा आहे. सोलापुरात एका कॉलेजात गणित शिकवतो. रोज संध्याकाळी डायरीत चार ओळी लिहितो आणि दुसऱ्या दिवशी त्या वाचून बघतो की मी स्वतःची बाजू कुठं घेतली आहे. ही सवय लोकांना चांगली वाटते. चांगली नाही. तिच्यामुळे माणूस प्रामाणिक होत नाही, फक्त आपला अप्रामाणिकपणा त्याला नीट ओळखता येऊ लागतो. आजच्या चार ओळी चारात मावेनात, आणि लिहिताना सारखे तुम्हीच मधे येताहात, तंबाखूच्या वासासकट, म्हणून म्हटलं की एकदाचं तुमच्याकडेच तोंड करून लिहावं.

यंदा आमच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पोरांना कॉम्प्युटरचा एक पेपर सुरू झाला. कॉम्प्युटर सुरू झाला नाही, पेपर सुरू झाला. यंत्र पुण्याला आहे आणि पोरांपैकी कुणी ते पाहिलेलं नाही. मी पाहिलं आहे, काचेच्या पलीकडून. तरी उद्घाटन झालंच. पूजेला काहीतरी हवं म्हणून प्राचार्यांनी कोडिंग शीटचा, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या चौकटींच्या कागदांचा, एक गठ्ठा पाटावर ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि शेजारी नारळ फोडला. पाणी गठ्ठ्यावर सांडलं. वरची दहाबारा पानं एकमेकांना चिकटली. "शुभ असतं," प्राचार्य म्हणाले, आणि मग अर्धा तास यंत्रयुगावर बोलले. यंत्र विचार करतं, असं ते चार वेळा म्हणाले. मी मोजलं. ज्याला विचार करताना आजवर कुणी पाहिलेलं नाही अशा माणसाला यंत्राच्या विचाराचं फार कौतुक असतं. मागच्या बाकावर अकलूजकडचा एक मुलगा बसतो, ऊसवाल्या घरातला, तो शेजाऱ्याला म्हणाला, "ट्रॅक्टर न्हाय आन् नुसत्या चावीची पूजा चाललीया की रं." संपूर्ण समारंभात शहाणपणाचं एवढं एकच वाक्य बोललं गेलं आणि ते मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

आमची पद्धत अशी आहे. पोरं त्या कागदावर एका चौकटीत एक अक्षर असं प्रोग्रॅम लिहितात. एका ओळीत ऐंशी चौकटी. आम्ही त्यांना घरंच म्हणतो. ते कागद बिस्किटाच्या डब्यातून सकाळच्या गाडीनं पुण्याला जातात. तिथं एकेका ओळीचं एकेक कार्ड भोकं पाडून तयार होतं, यंत्र ती कार्डं वाचतं, आणि आठ दिवसांनी हातभर रुंदीच्या कागदावर छापलेलं उत्तर परत येतं. सुरुवातीला शिकवायचं असतं ते फक्त यंत्राला आत काय द्यायचं आणि त्यातून बाहेर काय काढायचं. 'रीड' म्हटलं की ते कार्ड वाचतं, 'राइट' म्हटलं की छापतं, आणि आकडा कितव्या घरापासून किती घरांत आहे हे 'फॉरमॅट' नावाच्या एका वेगळ्या ओळीत सांगावं लागतं. बस. यात गणित कुठं आहे, तुम्हीच सांगा. उन्हाळ्यात कॉलेजनं मला दीड महिना पुण्याला शिकायला पाठवलं होतं. तिथला शिक्षक सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, किडकिडीत, पँटीला खडू पुसणारा. पहिले तीन दिवस तो घरांवरच बोलत राहिला. आकडा कुठल्या घरात ठेवायचा, कुठलं मोकळं सोडायचं. मला त्याची कीव आली. तिसऱ्या दिवशी मी वही उघडलीच नाही. आत घेणं आणि बाहेर देणं हे कारकुनाचं काम, खरं गणित त्या दोहोंच्या मधे घडतं आणि मी त्या मधल्या जागेचा माणूस, अशी माझी समजूत होती. ती समजूत मी पुढं पोरांनाही वाटली.

तुम्हीही घरांवरच बोलायचात.

सोमवार आहे. चौथीचा वर्ग. तुम्ही सारवलेल्या जमिनीवर चुन्याने चार मोठ्या चौकटी आखता. उजवीकडून एकक, दशक, शतक, हजार. पिंक टाकायला दारापर्यंत जाता, परत येता आणि पाट्या धरलेल्या पोरांना एकेका घरात उभं करता. चारशे सात म्हटलं की सातवाला एककाच्या घरात, चारवाला शतकाच्या घरात, मधलं घर मोकळं. मग तुमची छडी त्या मोकळ्या घरात आपटते. "आरं, रिकाम्या घरात कोन राहतो?" "शून्य, मास्तर!" "त्यो काय करतो?" "शेजाऱ्याची जागा राखतो!" "आन् आकडा लिवायचा कुटनं?" "उजवीकडनं, एककाच्या घरातनं!" सगळा वर्ग एका सुरात ओरडतो आणि बाहेर बांधलेली शेळी दचकते. बाकी जगात आकडा डावीकडून म्हणतात आणि डावीकडूनच लिहितात. तुमच्या वर्गात मात्र पाटीच्या उजव्या कडेला आकडा भिडला नाही की बोटांवर छडी बसायची. का, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. तुम्हाला ठाऊक होतं की नाही, याचीच मला शंका आहे.

मी हात वर केला होता. दहा वर्षांचा होतो. विचारलं, "मास्तर, डावीकडचं घर मोकळं असंल तर तितं पन शून्य राहतो का? मग सात म्हंजे शून्य शून्य सात का?" प्रश्न चांगला होता. गणिताचा शिक्षक म्हणून आज सांगतो, फार चांगला होता. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, हसलात आणि म्हणालात, "लई शाना हायेस की रं. ये, तूच बघ कोन राहतो तितं." हजाराच्या मोकळ्या घरात मला उभं केलंत. शाळा सुटेपर्यंत. वर म्हणालात, "ह्यो शून्य. ह्याला किंमत न्हाय, पन जागा लई लागती." वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी आडावरच्या बाया हसल्या. सातवीपर्यंत मला गावात दुसरं नाव नव्हतं. त्या दिवशी त्या चुन्याच्या चौकटीत उभ्या उभ्या मी ठरवलं की हा माणूस मूर्ख आहे, आणि याचं काही म्हणजे काही घ्यायचं नाही. तेव्हापासून मी आकडा डाव्या कडेला चिकटवून लिहितो. वहीत, फळ्यावर, कुठंही घरं आखलेली दिसली की पहिल्या घरापासून. दहा वर्षांच्या पोराचा सूड तो, मी त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत पाळला. कुणाला कळला नाही. तुम्हाला तर नाहीच.

बी.एस्सी.ला पहिला आलो तेव्हा पेढे घेऊन तुमच्याकडे आलो होतो. पाया पडायला नव्हे, दाखवायला. तुम्ही ओट्यावर बसला होतात. कपाळावर हात आडवा धरून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "कोन? हां, शून्य का रं!" पेढा खाल्लात. दुसरा मागितलात. मी तो दिला आणि न वाकता निघून आलो. पुढच्या वर्षी तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी इथं सोलापुरात जेवत होतो. जेवण पुरं केलं. याचा मला अभिमान नाही आणि पश्चात्तापही नव्हता.

आता या आठवड्याचं सांगतो.

माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. घरी तेलुगू बोलतात, बाहेर मराठी. वडील चादरीच्या मागांसाठी नक्षीची कार्डं पाडतात. पहिल्या सत्रात तिला गणितात शंभरपैकी शंभर पडले. पेपर मीच तपासला होता, दोनदा, दुसऱ्यांदा कुठं एखादा गुण कापता येतो का ते बघत. ही असली माझी सचोटी. महिन्यापूर्वी मी फळ्यावर घरं आखून 'रीड' शिकवत असताना तिनं विचारलं, "सर, एखादं घर मोकळं सोडलं तर मशीन तिथं काय वाचतं?" मी म्हटलं, "मोकळं म्हणजे मोकळं. जे नाही ते वाचायला मशीन काय ज्योतिषी आहे?" वर्ग हसला. वर्ग नेहमीच हसतो, हसणं परीक्षेला नसतं म्हणून त्यांना ते नीट येतं. ती म्हणाली, "पण सर, काहीतरी तर वाचतच असेल की." मी म्हटलं, "बस खाली." खरी गोष्ट अशी की मला उत्तर माहीत नव्हतं. माहीत नाही हेही मला माहीत नव्हतं, कारण प्रश्न मला कारकुनी वाटला होता.

मग मी एक प्रोग्रॅम लिहायला दिला. वर्गात छत्तीस पोरं. प्रत्येकाचं एक कार्ड. त्यावर आधी हजेरीचा क्रमांक, एक घर सोडून गणिताचे गुण. यंत्रानं ते वाचायचे, उत्तीर्ण की नापास ते छापायचं आणि शेवटी सरासरी काढायची. पोरांवर विश्वास नको म्हणून ती छत्तीस ओळींची माहिती मीच लिहिली, सगळ्यांसाठी एकच. सहा प्रोग्रॅम निवडून पुण्याला पाठवले. आणि या सगळ्याला एक बक्षीस बांधलेलं होतं. पुण्याच्या लोकांनी कळवलं होतं की सुट्टीत महिनाभरासाठी तुमचा एक विद्यार्थी पाठवा, त्याला यंत्रावर स्वतःच्या हातानं काम करू देऊ. एकच. मी वर्गात सांगून टाकलं की ज्याचा प्रोग्रॅम बरोबर चालेल त्याचं नाव जाईल, आणि बरोबरवाले बरेच निघाले तर मी ठरवीन.

शनिवारी कागद आले, ते मी वर्गात सगळ्यांपुढे पसरले. पाच प्रोग्रॅमांची उत्तरं नीटनेटकी होती. पंचेचाळीस उत्तीर्ण, अडतीस उत्तीर्ण, एकवीस नापास. सहावं त्या मुलीचं. तिच्या कागदावर चारशे पन्नास उत्तीर्ण, तीनशे ऐंशी उत्तीर्ण, सातशे दहा उत्तीर्ण. एकवीसवालासुद्धा दोनशे दहा घेऊन उत्तीर्ण. मला, मास्तर, आनंद झाला. तो मी लपवला नाही. कागद दोन्ही हातांत धरून मी मोठ्यानं वाचला. "अभिनंदन. आपल्या वर्गात एकाला शंभरपैकी सातशे दहा पडलेत. कुठल्या विद्यापीठाचे हे गुण?" अकलूजचा मुलगा उठून म्हणाला, "सर, त्ये माझंच हायेत. पेढं वाटू का?" हशा. मग ती उभी राहिली. मी बोलावलं नव्हतं. म्हणाली, "सर, बाकीच्या पाचही कागदांत माझे दहा छापलेत. नापास म्हणून. मला शंभर आहेत. माझ्या कागदात शंभर बरोबर आलेत." एवढं स्पष्ट वाक्य माझ्या वर्गात गेल्या दहा वर्षांत कुणी बोललं नसेल. मी म्हटलं, "आधी आपल्या कागदाचं बघ. मोकळ्या घराची फार काळजी होती ना तुला? बघ, मोकळं डोकं काय छापतं." आणि तिच्या कागदावर लाल शाईनं शून्य काढलं. गोल, मोठं. तिला तास संपेपर्यंत बसू दिलं नाही. उरलेला तास मी चांगला शिकवला असं शनिवारच्या डायरीत लिहिलेलं आहे. बाकीच्या पाच जणांतल्या अकलूजच्या मुलाचं नाव पुण्याला कळवायचं, हेही.

रविवारी सकाळी ते कागद मी स्वयंपाकघरात पसरले, कारण घरात तेवढीच लांब जागा आहे. बायको ज्वारी निवडत होती. म्हणाली, "अहो, उचला हे, नाहीतर यावरच निवडीन." मग वाकून वाचायला लागली. तिला कुठलाही छापील कागद सोडवत नाही. "ही दहावाली कोण? पोरगी नापास झाली वाटतं."

"नापास नाही. तिला शंभर आहेत."

"मग दहा का म्हणतंय?"

"कारण," मी म्हटलं आणि बॅग ओढली.

मी माहितीची माझी शीट काढली. माझंच अक्षर. प्रत्येक गुण मी डाव्या कडेला चिकटवून, पहिल्या घरापासून लिहिला होता. शंभरानं तीन घरं घेतली होती, बाकीच्या गुणांनी दोनच. पंचेचाळीसचे चार, पाच, आणि तिसरं घर मोकळं. फळ्यावर पोरांना मी सांगितलं होतं की गुणांना दोन घरं पुरतात. ते सांगताना शंभर हा आकडा माझ्या डोक्यात आला नव्हता. मी स्वतःच तो दिलेला असताना. पाच जणांनी माझं मुकाट्यानं उतरवलं. त्यांच्या प्रोग्रॅमनं दोनच घरं वाचली, म्हणून पंचेचाळीस पंचेचाळीसच राहिले, आणि शंभरातले पहिले दोन अंक वाचून दहा झाले. पाचही सरासऱ्या अडीच गुणांनी खाली आणि मी त्या बरोबर म्हणून वाचून दाखवल्या. मुलीनं माझं ऐकलं नाही. शंभराला तीन घरं लागतात हे तिला स्वतःच्या गुणांवरून ठाऊक होतं, म्हणून तिनं तीन वाचायला सांगितली. तिचा प्रोग्रॅम बरोबर होता. सहांत तेवढा एकच बरोबर होता. पण यंत्रानं तिसरं मोकळं घर वाचलं आणि तिथं कोण राहतं ते त्याला ठाऊक होतं. पंचेचाळीसचे चारशे पन्नास झाले.

पुण्याची वही काढली. तिसऱ्या दिवसाच्या पानावर तारीख आहे आणि खाली काहीही नाही. त्या किडकिडीत शिक्षकानं दिलेली पुस्तिका मात्र होती, कडेला जोडलेली पानं अजून न कापलेली. सुरीनं पानं कापून मोकळी केली. सातव्या पानावर लिहिलं आहे की मोकळं घर शून्य म्हणून वाचलं जातं, म्हणून आकडा नेहमी उजव्या कडेला लावून लिहावा. मी ते वाक्य तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा ते मला तुमच्या आवाजात ऐकू आलं. बायको म्हणाली, "काय झालं? चुकलं का कुणाचं?" मी म्हटलं, "बघतोय." हे खोटं होतं. बघून झालं होतं.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर ऐका, तेहतीस वर्षांनी का होईना. हो मास्तर, डावीकडच्या मोकळ्या घरातही शून्य राहतो. पण तिथं राहून तो कुणाचं काही बिघडवत नाही. उजवीकडे राहिला तर शेजाऱ्याची किंमत दहापट करून ठेवतो. म्हणून उजवीकडून लिहायचं. दहा वर्षांच्या पोराला हे कळलं असतं. तेवढं सांगायला तुम्हाला पिंक टाकून येण्याइतकाच वेळ लागला असता. तुम्ही सांगितलं नाहीत, कारण तुम्हाला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून एका पोराला उभं करणं सोपं वाटलं. दोन्हींत मला तुमच्याविषयी आदर वाटावा असं काही सापडत नाही. तुमचा नियम बरोबर होता. तुम्ही नव्हतात.

हे वाक्य लिहिताना बरं वाटलं, म्हणून तपासलं, आणि मग सोमवारचं लिहायचं राहिलं आहे हे लक्षात आलं.

काल कॉलेज सुटल्यावर मी त्या मुलीच्या घराकडे गेलो. सांगून टाकावं म्हणून. तिच्या गल्लीत दोन्ही बाजूंना मागांची खटखट, बोलायचं तर ओरडावं लागतं. ती घरी नव्हती. वडील दारातच बसून काम करत होते, पुढ्यात नक्षीचा चौकटींचा कागद, हाताखाली जाड पुठ्ठ्याचं कार्ड. मला बघून गडबडीनं उठले. "या की सर, बसा की. पोरगी सांगत असती, तुमचं मशीन पन कार्डावरच चालतंय म्हनून." मी विचारलं, कसं करता हे? काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. त्यांनी कार्ड उजेडात धरलं. "हे बघा. भोक असलं तर दोरा वर उचलनार. भोक न्हाई तर खाली ऱ्हानार. लोकान्ला वाटतंय भोक तेवढंच काम. तसं न्हाई सर. मोकळी जागा पन हुकूमच हाय. एक मोकळी जागा चुकली तर आख्ख्या चादरीवर मोराची मान तुटती." मग चहा आला. मी प्यालो. ते म्हणाले, "पुन्याचं काय झालं, सर? शनवारपास्नं काय बोलंना ती. मी तिला बोललोय, कालेजनं तुजं नाव काढलं तर एमेस्सीला घालतो, न्हाईतर घरी बस. मला अक्षर येत न्हाई, मला कसं कळनार पोरगी हुशार हाय का नुसती म्हनती? तुमी सांगितलं की कळलं." मी कप खाली ठेवला. म्हटलं, "बघू." ते मला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आले, पाऊल मागं ठेवून, शिक्षकाबरोबर चालतात तसे.

आज सकाळी प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, बहुधा विचार करत असावेत. मग म्हणाले, "हे बघा, तुमची चूक म्हणू नका, पेपरची बदनामी होईल. यंत्राची चूक म्हणा. यंत्र काय, उलट बोलायला येत नाही." आणि अकलूजच्या मुलाच्या नावाच्या पत्रावर सही करून ते माझ्या हातात दिलं. गुरुवारच्या टपालानं जायचं आहे. मला त्यांचा तिटकारा आला, आणि तिटकारा आला की मी निश्चिंत होतो. वाटतं, चला, आपण या माणसासारखे नाही. ही निश्चिंती पत्र बॅगेत टाकेपर्यंत टिकली. कारण मी ते बॅगेत टाकलं. फाडलं नाही. फाडलं असतं तर दुसरं मागावं लागलं असतं आणि वर्गाला कारण सांगावं लागलं असतं.

नंतर तास होता. ती दुसऱ्या बाकावर नव्हती, शेवटच्या बाकावर होती. मी शिकवत राहिलो. सगळी पोरं उतरवून घेत होती, बरोबर-चूक सगळं, त्यांना फरक पडत नाही. तिनं वही उघडली नाही. माझ्याकडे ती बघत होती आणि ती नजर मला ओळखीची वाटली. मी ती आतून ओळखतो. चुन्याच्या चौकटीत उभं राहून मी तुमच्याकडे तसाच बघत होतो. तिनं आज ठरवलं आहे की हा माणूस मूर्ख आहे आणि याचं काही म्हणजे काही घ्यायचं नाही. उद्या माझ्या तोंडून एखादी खरी गोष्ट निघाली तरी ती घेणार नाही, आणि पुढं केव्हातरी, मी मेल्यावर, तिला ती नेमकी लागेल.

तुम्हाला मी माफ करत नाही. तसं वाटलं तर लिहीन म्हणून सगळं पत्रभर वाट बघितली. वाटलं नाही. पण इतकी वर्षं मी समजत होतो की तुमच्याकडून मी काहीच घेतलं नाही, उजवी कडसुद्धा नाही. तपासल्यावर दिसतं की एक गोष्ट घेतली होती. तुमचं ते हसणं मी जसंच्या तसं उचललं, आणि शनिवारी ते तुमच्यापेक्षा चांगलं जमलं, कारण माझ्याकडे लाल शाई होती.

आणखी एक कबूल करायचं राहिलं. तिचं बरोबर होतं, माझं चुकलं, ही तिला सांगायची दोन वाक्यं. ती मला काल दारात सांगता आली नाहीत, आज वर्गातही नाहीत. त्याऐवजी तुम्हाला इतकी पानं लिहिली, कारण तुम्ही शेवटच्या बाकावरून माझ्याकडे बघणार नाही. हे पत्र डायरीतच राहील.

उद्या, पहिला तास: फळ्यावर तीन घरं आखून माझे पंचेचाळीस माझ्याच पद्धतीनं डावीकडे लिहायचे, ते मी लिहिलेत हे आधी सगळ्यांना सांगायचं, आणि मग मोकळ्या घरात कोण राहतो ते तिला विचारायचं.